वीस स्लाइड, दोन मेटाफेज : कांद्याच्या मुळाच्या एका फसलेल्या प्रॅक्टिकलचा तपास

कांद्याच्या मुळाच्या टोकात मायटोसिस, म्हणजे पेशींचं विभाजन, दाखवायचं प्रॅक्टिकल बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला येतं, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बॅचमध्ये फसतं. इथे अशीच एक फसलेली बॅच तपासायला घेतली आहे. वर्ग नमुन्याचा आहे आणि त्यातले आकडे समजावण्यापुरते आहेत. चुका मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत भेटतील अशाच आहेत.

जुलैचा शेवटचा आठवडा. वीस विद्यार्थी, पाच कांदे, पाच काचेचे ग्लास. शनिवारी दुपारी कांद्यांच्या बुडाची वाळकी मुळं खरवडून ते ग्लासांच्या तोंडावर बसवले, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असे. रविवारी कॉलेज बंद. मंगळवारी सकाळी साडेआठला दोन-तीन सेंटिमीटर वाढलेली मुळं कापून थेट कार्नॉयमध्ये टाकली. कार्नॉय हा पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवणारा द्रव, म्हणजे फिक्सेटिव्ह : तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. साडेअकराला प्रॅक्टिकल सुरू झालं. अडीचपर्यंत वीस स्लाइड तयार झाल्या आणि त्यातल्या फक्त दोनांत विभाजन दिसलं. उरलेल्या अठरांमध्ये मेटाफेज (गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येण्याची अवस्था) तर सोडाच, धड प्रोफेजसुद्धा (विभाजनाची पहिली अवस्था) नाही.

अशा वेळी वर्गातून पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "स्टेन जुना झालाय." मग नवा ॲसिटोकार्मिन, म्हणजे गुणसूत्रं लाल रंगवणारा स्टेन, उकळला जातो, दुसऱ्या दिवशी दुसरी बॅच तीच मुळं घेऊन बसते आणि निकालही तोच लागतो. या प्रकरणातही हेच झालं. खरं तर स्टेनला दोष देण्याआधी दोन गोष्टी डोळ्यासमोर होत्या. एक, बहुतेक स्लाइडींत केंद्रकं लालभडक रंगली होती. दोन, ज्या दोन स्लाइडींत गुणसूत्रं स्वच्छ दिसत होती, त्याही त्याच बाटलीतल्या स्टेनने केलेल्या होत्या. स्टेन बिघडला असता तर तो सगळ्यांनाच नडला असता.

फसलेली स्लाइड फेकून द्यायची नसते. कुठे चुकलं ते तिच्यातच लिहिलेलं असतं, फक्त ती उलट्या क्रमाने वाचावी लागते. आधी दाबणं पाहायचं, मग रंग, मग मुळाचा कुठला तुकडा घेतला ते, आणि सगळ्यात शेवटी मूळ स्वतः जिवंतपणे वाढत होतं का हे. अठरा स्लाइडी या नजरेने पुन्हा मायक्रोस्कोपखाली लावल्या तेव्हा त्यांचे तीन ढीग पडले.

पहिला ढीग चार स्लाइडींचा. पेशींचे थरावर थर, मधे काळपट लाल गोळा, कडेला हवेचे बुडबुडे. या वाचताच येत नाहीत, त्यामुळे त्यांत विभाजन होतं की नव्हतं हे सांगता येणार नाही. कारणं नेहमीचीच : तुकडा मोठा घेतला, ॲसिडमध्ये पुरेसा मऊ झाला नव्हता, किंवा अंगठा सरळ खाली न दाबता थोडा सरकला. अंगठा सरकला की पेशी एकमेकींवर गुंडाळल्या जातात आणि केंद्रकं ताणलेल्या रेषांसारखी दिसतात. त्या रेषांना ॲनाफेज (गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जाण्याची अवस्था) म्हणून जर्नलमध्ये काढणारेही सापडतात. या ढिगावर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुसरा ढीग नऊ स्लाइडींचा, आणि दिसायला सगळ्यात सुबक. पेशींचा एकच थर, कडा स्वच्छ, प्रत्येक पेशीत एक गोल रंगलेलं केंद्रक. अनेकांना वाटलं, आपली स्लाइड उत्तम आहे, फक्त नशीब खोटं. पण पेशींचा आकार बघा : लांबी रुंदीच्या चार-पाच पट, मधे मोठी रिकामी जागा आणि केंद्रक एका भिंतीला चिकटलेलं. या पेशी विभाजी ऊतीतल्या, म्हणजे सतत विभागणाऱ्या भागातल्या, नव्हेतच. मुळाच्या टोकाशी मूलटोपी असते, तिच्या लगेच मागे एक-दोन मिलिमीटरचा विभाजनाचा पट्टा आणि त्याच्या मागे पेशी लांब होण्याचा पट्टा. विभाजनाच्या पट्ट्यातली पेशी लहान, जवळजवळ चौकोनी, आणि केंद्रकाने बरीचशी भरलेली असते. लांबट पेशींच्या पट्ट्यात कितीही वेळ शोधलं तरी मेटाफेज मिळणार नाही, कारण तिथल्या पेशींनी विभागणं आधीच थांबवलेलं असतं.

म्हणजे नऊ जणांनी मुळाचं टोक सोडून मागचा भाग दाबला होता. नऊ जणांनी एकाच वेळी? उत्तर वॉच ग्लासमध्ये सापडलं. ॲसिडमधून मुळं काढून झाल्यावर तळाशी साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे बारीक पांढरे कण उरले होते. तीच मुळांची टोकं. रंगवण्याआधी एक नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशांवर मूळ ठेवलं की पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळतं आणि टोक लोण्यासारखं मऊ होतं. चिमट्याने नेमकं टोकालाच धरलं, तर ते तुटून तिथेच राहतं आणि हातात येतो तो मागचा, चिवट, दिसायला छान भाग. नंतर ब्लेडने "टोक" म्हणून जो तुकडा कापला, तो त्या उरलेल्या भागाचा पुढचा शेंडा होता.

यावर उपाय साधा आहे. मूळ नेहमी कापलेल्या बाजूने धरायचं, शक्यतो चिमट्याऐवजी मऊ कुंचल्याने किंवा ड्रॉपरने उचलायचं. आणि तुकडा कापताना अंदाजाने कापायचा नाही. स्टेनमध्ये पंधरा-वीस मिनिटं राहिलेल्या मुळाकडे पांढऱ्या कागदावर धरून पाहिलं, तर एक टोक गडद लाल आणि बाकीचं मूळ फिकट गुलाबी दिसतं. लहान पेशी दाटीने असल्यामुळे केंद्रकंही तिथे दाट असतात, म्हणून ते टोक गडद. तेवढा एक-दीड मिलिमीटर ठेवायचा, बाकी सगळं फेकून द्यायचं. दोन्ही टोकं सारखीच फिकट दिसत असतील तर ते मूळ बाजूला ठेवा, त्याचा शेंडा कुठेतरी पडलेला आहे.

तिसरा ढीग पाच स्लाइडींचा आणि खरा अवघड. पेशी चौकोनी, लहान, दाट, म्हणजे पट्टा बरोबर. दाब बरोबर, रंग बरोबर. पण एका स्लाइडमध्ये तीनशे पेशी मोजल्यावर विभाजन सापडलं ते एक किंवा दोन पेशींत. नीट वाढणाऱ्या कांद्याच्या मुळात शंभरात आठ-नऊ पेशी विभाजनात असतील असं धरलं, तर तीनशेत पंचवीसेक दिसायला हव्यात. पंचवीसच्या जागी दोन, आणि तेही पाचही स्लाइडींत, हा काही नशिबाचा भाग नव्हे. या मुळांत विभाजन खरंच थांबलं होतं.

इथे तपास अडला, कारण पाचही कांद्यांची मुळं एकाच शिशीत टाकलेली होती. कुठली स्लाइड कुठल्या कांद्याची, हे सांगायची सोयच उरली नव्हती. पाच शिश्या आणि पाच चिठ्ठ्या (पेन्सिलने लिहिलेल्या, कारण अल्कोहोलमध्ये शाई उडते) एवढंच करायचं राहिलं होतं. ग्लास मात्र अजून ओट्यावरच होते. त्यातल्या तिघांतलं पाणी गढूळ, हाताला बुळबुळीत आणि वासाचं. त्या कांद्यांची उरलेली मुळं टोकाशी पिवळट-तपकिरी होती. दोन ग्लासांतलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आणि मुळांची टोकं दुधट पांढरी.

शनिवारपासून मंगळवारपर्यंत पाणी एकदाही बदललेलं नव्हतं. जुलैच्या उकाड्यात कांद्याच्या सालींचे तुकडे पाण्यात कुजतात, जिवाणू वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. त्यात कांदा ग्लासाच्या तोंडात बुचासारखा घट्ट बसलेला, म्हणजे वरून हवाही नाही. विभाजनाला ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून येते. ऑक्सिजन कमी पडला की नव्या पेशी विभाजनात शिरत नाहीत. मुळाची आधी झालेली वाढ दिसतच राहते, म्हणून वरून बघणाऱ्याला मूळ तीन सेंटिमीटर लांब, अगदी धडधाकट वाटतं. त्याचं आजचं काम चाललंय की नाही, हे टोकाच्या रंगावरून ओळखायचं.

हा नुसता तर्क राहू नये म्हणून चाचणी घ्यायला हवी, आणि ती स्वस्त आहे. त्याच पिशवीतले सहा कांदे घ्या. तिघांचं पाणी सकाळ-संध्याकाळ बदला आणि कांद्याखाली दोन काड्या आडव्या ठेवून हवेला वाट द्या. उरलेले तीन शनिवारसारखेच सोडून द्या. बाकी सगळं सारखं ठेवा, म्हणजे तोच ओटा, मुळं कापायची तीच वेळ, तोच स्टेन. शिश्या वेगळ्या. या वर्गात पाणी बदललेल्या कांद्यांच्या मुळांत विभाजनातल्या पेशी आठ टक्क्यांच्या पुढे गेल्या, न बदललेल्यांत एक टक्क्याच्या आत राहिल्या.

या चाचणीने आणखी एक संशय निकालात काढला. चर्चेत कोणीतरी म्हणालंच होतं की कांदा विकिरण केलेला असेल. शंका चुकीची नव्हे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे, आणि कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरणांची शंभर ग्रेच्याही आतली मात्रा पुरते. ती मात्रा काम करते ती नेमकी विभाजी ऊतीवरच, त्यामुळे अशा कांद्याला मुळं आलीच तर खुंटलेली येतात. पण बाजारातल्या कांद्यापैकी फार थोडा विकिरणातून जातो, आणि इथे त्याच पिशवीतल्या कांद्यांनी स्वच्छ पाण्यात भरपूर विभाजन दाखवलं. संशय तिथेच संपला. नवलाचं कारण नेहमी सगळ्यात शेवटी तपासावं. खबरदारी म्हणून दोन वेगवेगळ्या दुकानांतून कांदे आणावेत, आणि जोडीला लसणाच्या चार पाकळ्या रुजत घालाव्यात. लसणालाही सोळाच गुणसूत्रं असतात, मुळंही लवकर येतात, आणि ऐन वेळी कांद्याने दगा दिला तर बॅच रिकाम्या हाताने जात नाही. एप्रिल-मेमध्ये नुकताच काढलेला रब्बीचा कांदा मात्र घेऊ नये. तो सुप्तावस्थेत असतो आणि मुळं सोडायला कुरकुर करतो.

फिक्सेटिव्हबद्दल या प्रकरणात तक्रार नव्हती, तरी सांगून ठेवायला हवं. कार्नॉय त्याच दिवशी मिसळावं. ठेवून दिलं तर अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिड यांची आपसांत क्रिया होऊन एस्टर तयार होतो, बाटलीला गोडसर वास येऊ लागतो आणि त्याचा जोर कमी होतो. मुळांच्या आकारमानाच्या निदान दहापट द्रव हवा. तीन तासांत काम भागतं, रात्रभर ठेवलं तर उत्तम. त्यानंतर मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवली की अनेक आठवडे चालतात. म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशीच मुळं कापायचा अट्टाहास कशासाठी? विभाजन दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त असतं याबद्दल प्रत्येक प्रयोगपुस्तिका वेगळी वेळ सांगते. आपल्या खोलीच्या तापमानाला कुठली वेळ जुळते ते एकदा सकाळी आठ, दहा आणि बाराला मुळं फिक्स करून बघावं आणि भिंतीवर लिहून ठेवावं.

आता हातातली कृती, प्रमाणांसह. एक नॉर्मल ॲसिडसाठी साधारण ८.६ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड थोड्या पाण्यात हळूहळू ओतून एकूण १०० मिलिलिटर करायचं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये आठ ते दहा मिनिटं पुरतात. पंधराच्या पुढे गेलं की मुळाचा लगदा होतो आणि रंगही नीट धरत नाही. पाण्यात दोनदा धुवायचं. ॲसिटोकार्मिनसाठी ४५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, ५५ मिलिलिटर पाणी आणि एक ग्रॅम कार्मिन, मंद आचेवर उकळून, थंड करून, गाळून. रंग फिका वाटला तर त्यात गंजकी सुई क्षणभर फिरवण्याची जुनी युक्ती खरी आहे, लोहामुळे रंग गडद होतो. पण दोन-तीनदाच. जास्त झालं की काळा गाळ बसतो.

ज्या प्रयोगशाळेत वॉटर बाथ नाही, तिथे वॉच ग्लासमध्ये नऊ थेंब स्टेन आणि एक थेंब एक नॉर्मल ॲसिड घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करतात. हेही चालतं. वाफ दिसली की काच बाजूला, उकळी कधीच नाही. उकळला की कडेने स्टेन वाळतो आणि त्याचे गडद लाल स्फटिक स्लाइडवर येतात. नवखा डोळा त्यांना गुणसूत्रं समजतो. ओळखायची खूण सोपी आहे : स्फटिक पेशींच्या भिंती ओलांडून आणि पेशींच्या बाहेरही पसरलेले असतात, गुणसूत्रं पेशीच्या आतच असतात.

शेवटी स्लाइडवर ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा एकच थेंब, त्यात एकच टोक, त्यावर कव्हरस्लिप. पेन्सिलच्या मागच्या बाजूने कव्हरस्लिपवर हलकेच टकटक करायची, पेशींचा ढग पसरताना दिसतो. मग टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. कडेला नेलपॉलिश लावलं की स्लाइड संध्याकाळपर्यंत वाळत नाही. आधी दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली चौकोनी पेशींचा भाग शोधायचा, मगच चाळीसचं लावायचं. आयरिस डायफ्राम थोडा आवळावा, पूर्ण उजेडात फिकट रंगलेली गुणसूत्रं धुऊन निघतात.

कांदाच का, हा व्हायव्हातला (तोंडी परीक्षेतला) हमखास प्रश्न. कांद्याचा जीनोम, म्हणजे एकूण डीएनए, सुमारे सोळा अब्ज बेस जोड्यांचा आहे, माणसाच्या पाचपट. आणि हे सगळं अवघ्या आठ जोड्यांत भरलेलं, म्हणून प्रत्येक गुणसूत्र धिप्पाड.

दुरुस्त केलेल्या बॅचने पाच मुळांतल्या मिळून एक हजार पेशी मोजल्या : इंटरफेज (विभाजनात नसलेल्या) ९१२, प्रोफेज ५०, मेटाफेज १४, ॲनाफेज ९, टेलोफेज (शेवटची अवस्था) १५. विभाजनात एकूण ८८, म्हणजे मायटोटिक इंडेक्स ८.८ टक्के. इथपर्यंत कोणी चुकत नाही. पुढे प्रत्येक अवस्थेला लागणारा वेळ काढायचा असतो आणि तिथे निम्मा वर्ग घसरतो. कांद्याच्या मूलाग्रातलं पेशीचक्र आपल्या खोलीच्या तापमानाला सोळा तासांचं धरू, म्हणजे ९६० मिनिटं. मेटाफेज हजारात १४, तर ९६० च्या १.४ टक्के, साधारण १३ मिनिटं. घसरणारे १४ ला ८८ ने भागतात आणि सोळा तासांनी गुणतात, म्हणजे मेटाफेज अडीच तासांचं होतं. ८८ ने भागल्यावर मिळतो तो विभाजनातला वाटा, त्याला गुणायचं असेल तर विभाजनाच्या एकूण वेळाने गुणा. आणि हे सगळं गणित पेशी आपापल्या वेळी, एकमेकींशी ताल न धरता विभागतात असं गृहीत धरून चालतं. तापमान कमी झालं की चक्र लांबतं, म्हणून जर्नलमध्ये खोलीचं तापमान लिहिलेलं नसेल तर त्या मिनिटांना काही किंमत नाही.

याच हजारात एका गटाच्या मोजणीत मेटाफेज पन्नासच्या वर आणि ॲनाफेज शून्य आले. चौकशी केल्यावर कळलं की त्यांनी गुणसूत्रं मोजण्यासाठी वेगळी ठेवलेली मुळं उचलली होती. ती ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनमध्ये, ०.००२ मोलर म्हणजे लिटरला ०.२९ ग्रॅम, चार तास ठेवलेली. हे रसायन आणि कोल्चिसिन गुणसूत्रं ओढून नेणारे तर्कूचे धागे बनू देत नाहीत, पेशी मेटाफेजमध्ये अडकून साचतात. सोळा गुणसूत्रं सुटी-सुटी मोजायला ती मुळं फारच चांगली, इंडेक्ससाठी मात्र बाद. त्या गटाचे आकडे बेरजेतून काढून, पाचव्या मुळाची मोजणी नव्याने केल्यावरच वरची हजाराची संख्या पुरी झाली.

आणि त्या पहिल्या अठरा स्लाइडींचं जर्नल? त्यातल्या बहुतेकांत पुस्तकातून उतरवलेल्या चारही अवस्था सुबक रंगवलेल्या होत्या. तिथे खरं काढायचं होतं ते लांबट पेशींचं चित्र, किंवा तीनशे चौकोनी पेशी आणि त्यात एकच प्रोफेज, आणि खाली एक ओळ : पाणी तीन दिवस बदललेलं नाही, तापमान इतकं, मूळ इतक्या वाजता कापलं.